दाढेत काय भरलंत, ते लिहून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रूट कॅनल करून वर कॅप बसवली, आणि तीन वर्षांच्या आत दाढ पुन्हा ठणकायला लागली, अशी एका वाचकाची तक्रार मध्यंतरी आपल्या अंकात छापून आली होती. त्यांनी सगळा राग कॅपवर काढला होता. कॅप हलक्या प्रतीची निघाली, असं त्यांचं म्हणणं. असेलही. पण मी देवगड तालुक्यात गेली 26 वर्षं दातांचा दवाखाना चालवते आहे. माझ्याकडे अशा ज्या दाढा येतात, त्यांत बहुतेक वेळा दुखणं कॅपच्या खाली, मुळांच्या आत सापडतं. तिथे काय भरलंय हे पेशंट विचारत नाही आणि आम्ही डॉक्टर आपणहून सांगत नाही. म्हणून हे पत्र लिहायला बसले आहे. लांब होईल, पण जमल्यास पूर्ण छापावं.

यंदा ऋषिपंचमीच्या सकाळी पन्नाशीचे एक चाकरमानी गाल सुजवून आले. सोबत त्यांची म्हातारी आई. मी खुर्ची सरळ करेपर्यंत आईनेच विचारलं, "डॉक्टरबाय, तेची शीर काढल्यानी म्हणतत, मगे दुखता कित्याक?" प्रश्न अगदी रास्त होता. खालची डावी पहिली दाढ, तीन वर्षांपूर्वी मुंबईत रूट कॅनल झालेली. एक्स-रे काढला. मागच्या मुळातलं भरण टोकापर्यंत व्यवस्थित होतं. पुढच्या मुळातल्या दोन्ही कॅनल्समध्ये, म्हणजे नसेच्या बारीक नळ्यांमध्ये, मात्र ते टोकाच्या तीन मिलिमीटर अलीकडेच थांबलेलं, आणि त्या टोकाशी हाडात चण्याएवढी काळी सावली. आईंना मी सांगितलं की शीर काढली हे खरं, पण दुखतंय ते दाताच्या बाहेर, मुळाच्या टोकाशी असलेल्या हाडात. आत जंतू राहिले आणि त्यांना बाहेर पडायला फट मिळाली.

मग मी त्या गृहस्थांना विचारलं, आत काय भरलं होतं, काही कागद आहे का? त्यांनी पाकिटातून एक कार्ड काढून दिलं. सुबक, प्लास्टिकचं, एटीएम कार्डासारखं. कॅपचं वॉरंटी कार्ड. कॅप कशाची, कुठल्या लॅबची, नंबर काय, किती वर्षांची हमी, सगळं त्यावर होतं. जी कॅप आरशात दिसते तिचा जन्मदाखला त्यांनी तीन वर्षं खिशात जपला होता. हाडाला लागून जे भरलं होतं त्याच्यासाठी बिलावर तीन अक्षरं होती, आरसीटी. मी मुंबईच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडून बाई अदबीने बोलल्या. रजिस्टर पाहून सांगते म्हणाल्या, आणि परत येऊन म्हणाल्या, "सीलर आमचं नेहमीचंच असतं, मॅडम."

नेहमीचं म्हणजे कुठलं, ते रजिस्टरमध्ये लिहिलेलंच नव्हतं.

वाचकांना वाटेल, नावाला एवढं महत्त्व कशाला? म्हणून आधी सीलर म्हणजे काय ते सांगते. रूट कॅनलमध्ये दातातली सडलेली नस काढतात, कॅनल घासून आणि औषधाने धुऊन साफ करतात आणि मग ती पोकळी भरतात. भरायची मुख्य वस्तू गटापर्चा. गुलाबी, उदबत्तीच्या काडीहून बारीक, निमुळत्या काड्या असतात. हा मलायाकडच्या एका झाडाचा चीक. आपला चिकू आणि दारातली बकुळ याच कुळातली. पण गटापर्चा दाताच्या भिंतीला चिकटत नाही. आपल्याकडच्या चिऱ्याच्या भिंतीसारखंच आहे हे. भार चिरा घेतो, पण दोन चिऱ्यांमधली फट सिमेंटने भरली नाही तर पहिल्याच पावसात भिंत पाझरते. ते सांध्यातलं काम दाताच्या आत सीलर करतं. आणि चांगला गवंडी सांधा जसा पातळ ठेवतो, तसं सीलरही पातळच हवं. सगळी कॅनल नुसत्या सीलरने लिंपून टाकणं हे काम उरकणं झालं.

ही पातळ फिल्म कशी असावी हे कुणाच्या मर्जीवर सोडलेलं नाही. आयएसओ 6876 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबल्यावर सीलरचा थर 50 मायक्रॉनहून जाड राहता कामा नये, म्हणजे आपल्या डोक्याच्या केसाहूनही पातळ. 0.05 मिलिलिटरचा थेंब ठरावीक वजनाखाली दहा मिनिटांत किमान 17 मिलिमीटर व्यासाचा पसरला पाहिजे, नाहीतर तो कॅनलच्या बारीक फाट्यांमध्ये शिरणार नाही. घट्ट झाल्यावर 24 तास पाण्यात ठेवला तर वजनाच्या 3 टक्क्यांहून जास्त विरघळता कामा नये. आणि एक्स-रेवर तो किमान 3 मिलिमीटर जाडीच्या ॲल्युमिनियमइतका पांढरा दिसला पाहिजे, नाहीतर भरलंय की नाही हे कळणारच नाही.

या आकड्यांच्या कितीतरी आधी लुई ग्रॉसमन या अमेरिकन प्राध्यापकांनी आदर्श सीलर कसं असावं याचे गुण सांगून ठेवले. आजही दंतमहाविद्यालयात ते तोंडपाठ करून घेतात, मीही केले होते. भिंतीला चिकटावं, घट्ट होताना आक्रसू नये, डाग पाडू नये, जंतूंना वाढू देऊ नये, आजूबाजूच्या पेशींना इजा करू नये, शरीरातल्या पाण्यात विरघळू नये, घट्ट व्हायला पुरेसा वेळ द्यावा. आणि शेवटी एक गुण असा की पुन्हा काढायची वेळ आली तर नेहमीच्या द्रावणात विरघळावं. परीक्षेपुरतं पाठ करताना हा शेवटचा गुण मला फारसा महत्त्वाचा वाटला नव्हता. आज तोच पहिला आठवतो. पेशीतल्या पाण्यात विरघळायचं नाही, पण डॉक्टरने पाच-दहा वर्षांनी मागितलं तर विरघळायचं, या दोन्ही अटी एकाच वस्तूने पूर्णपणे पाळणं जवळजवळ अशक्य आहे. सगळे गुण एकत्र असलेलं सीलर आजवर बनलेलं नाही. म्हणूनच कुणी कुठलं निवडलं हे पुढच्याला कळणं गरजेचं आहे.

मी शिकले ती झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलवर. पांढरी पावडर आणि लवंगेच्या तेलातला अर्क. दातांच्या दवाखान्यात शिरताना जो लवंगेचा वास येतो तो याचाच. ग्रॉसमननीही असंच एक सीलर बनवलं होतं. त्याच्या पावडरीत 42 भाग झिंक ऑक्साइड आणि 27 भाग राळ असते. राळ म्हणजे होडीच्या फळ्यांमधल्या फटी बुजवायला आपली माणसं वापरत आली, त्याच जातीची. त्याआधीच्या, 1930 च्या दशकातल्या एका प्रसिद्ध सीलरमध्ये चांदी घातलेली असे आणि तिने दात काळे पडत. ग्रॉसमननी ती काढून टाकली. झिंक ऑक्साइडचं हे सीलर स्वस्त, भरवशाचं, जंतूंवर मारा करणारं आणि गरज पडली तर द्रावणाने मऊ होणारं. पण त्याला घट्ट व्हायला पाणी लागतं, आणि आपल्या किनाऱ्यावर जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवेतच पाणी असतं, म्हणून ते घोटता घोटताच घट्ट व्हायला लागतं.

हे पुस्तकात एका ओळीत असतं. मला ते कळायला एक दाढ गमवावी लागली. दवाखाना काढून तिसरं वर्ष. आषाढातली दुपार, वीज गेलेली, इन्व्हर्टरवर एक दिवा. बंदरावर मासे विकणारी एक मावशी खुर्चीत होती. बाटलीतली पावडर किंचित गोळा धरल्यासारखी झाली होती, मिठाच्या बरणीत धरतं तशी. मी ती चमच्याने मोडून घेतली आणि काचेच्या पट्टीवर घोटायला लागले. ती पट्टीही मी थंड असावी म्हणून फ्रीजमधून काढलेली, तिच्यावर दव जमलं होतं. मी ते पुसलं, पण नीट पुसलं नसणार. घोटलेलं सीलर पात्याने वर उचललं की त्याची इंचभर तार निघाली पाहिजे, मगच ते योग्य. त्या दिवशी तार छान निघाली. पहिल्या कॅनलमध्ये भरलं. दुसरीकडे वळले तोवर पट्टीवरच्या सीलरची तार तुटायला लागली होती. तिसऱ्या कॅनलपर्यंत ते चुन्याच्या निवळीखालच्या गाळासारखं दाट झालं. काडी टोकापर्यंत गेली नाही, मध्येच अडकली. मी तेव्हाच सगळं काढून, नवीन घोटून भरायला हवं होतं. बाहेर सहा माणसं बसलेली, मावशीला शेवटची एसटी गाठायची होती. मी एक्स-रे पाहिला, थोडं आखूड आहे, चालेल, असं स्वतःला म्हटलं. दोन वर्षांनी ती दाढ मीच उपटली. मावशी एका शब्दाने बोलली नाही. पुढच्या आठवड्यात घरी बांगडे पाठवले. ते बांगडे मला अजून आठवतात.

तेव्हापासून पावसाळ्यात पावडरीच्या बाटलीभोवती घट्ट डबा आणि डब्यात सिलिका जेलच्या पुड्या असतात. पट्टी फ्रीजमध्ये ठेवत नाही, ज्या खोलीत काम त्याच खोलीत ठेवते. एका वेळी एका मुळापुरतंच घोटते. कोकणात दवाखाना उघडणाऱ्या नव्या मुलांना मी हे सगळ्यात आधी सांगते, कारण मुंबई-पुण्याच्या एसी विभागात शिकताना त्यांना ही अडचण भेटलेलीच नसते.

पुढे इपॉक्सी रेझिनची सीलर्स आली. त्यातलं एएच प्लस हे नाव बहुतेक डॉक्टरांच्या तोंडी आहे. नवीन कुठलंही सीलर आलं की तुलना आजही त्याच्याशीच करतात. दोन नळ्या, दोघींतून सारख्या लांबीची पेस्ट काढायची आणि घोटायची, टाकीची गळती बंद करायला एम-सीलचे दोन तुकडे मळतात तसं. घट्ट व्हायला आठ तासांच्या आसपास वेळ घेतं, त्यामुळे सावकाश काम करता येतं. विरघळण्याचं प्रमाण अगदी कमी, आक्रसणं थोडं. याचं आधीचं भावंड एएच 26. ते घट्ट होताना थोडं फॉर्मॅल्डिहाइड, म्हणजे पेशींना घातक रसायन, सोडायचं, पुढच्या पिढीत ती रचना बदलली. या सीलरला कॅनल कोरडी हवी. कागदाच्या काड्या एकामागून एक घालून शेवटची कोरडी बाहेर येईपर्यंत थांबावं लागतं. शिवाय इपॉक्सीची ॲलर्जी असणारी माणसं असतात. होड्यांच्या फायबरकामात, रंगकामात हात घालणाऱ्यांमध्ये मी आता हे मुद्दाम विचारते, चिकटवायच्या रसायनाने हाताला कधी पुरळ उठला होता का म्हणून.

आणि आता गेली काही वर्षं बोलबाला आहे तो बायोसिरॅमिकचा. त्यात मुख्यतः कॅल्शियम सिलिकेट असतं, म्हणजे नात्याने बांधकामाचं सिमेंटच. महमूद तोराबिनेजाद यांनी कॅलिफोर्नियात एमटीए नावाचं द्रव्य आणलं, त्याचा पाया पोर्टलँड सिमेंट होता. 1993 पासून त्यावर लिहिलं जाऊ लागलं, आणि ही सीलर्स त्याच घराण्यातली. स्लॅब ओतल्यावर आपण आठवडाभर पाणी मारतो, कारण सिमेंट वाळून नव्हे, पाणी पिऊन घट्ट होतं. याचंही तसंच. ते दाताच्या भिंतीतल्या सूक्ष्म नळ्यांमधला ओलावा घेऊन घट्ट होतं. त्यातून कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं, भोवतालचा पीएच 11-12 पर्यंत जातो आणि त्यात जंतू टिकत नाहीत. शरीरातल्या द्रवाशी संबंध आला की पृष्ठभागावर हाडासारखाच खनिज थर धरतो. आक्रसत नाही. मला हे सीलर मनापासून आवडतं, त्यात काही शंका नाही.

पण रेझिनच्या सवयीने कुणी कॅनल स्पिरिट घालून खडखडीत वाळवली, तर हे घट्ट व्हायला रखडतं. म्हणजे एकाला कोरडं हवं, दुसऱ्याला ओलसर, आणि भरल्यावर एक्स-रेवर दोन्ही सारखीच पांढरी दिसतात. आपल्या हवेत आणखी एक त्रास. सिरिंजचं झाकण अर्धवट राहिलं तर ती हवेतलं पाणी पिऊन टोकातच दगड होते. महागाची वस्तू. एका पावसाळ्यात माझ्या दोन फुकट गेल्या. विरघळण्याच्या चाचणीत काही बायोसिरॅमिक सीलर्स 3 टक्क्यांच्या वर गेल्याची नोंद आहे, त्यामुळे जाहिरातीत म्हणतात तसं सगळंच सर्वगुणसंपन्न नाही. आणि ग्रॉसमनच्या त्या शेवटच्या गुणात हे सपशेल मागे पडतं. एकदा नीट घट्ट झालं की ते विरघळवणारं खात्रीचं द्रावण आमच्या कपाटात नाही.

आता त्या ऋषिपंचमीच्या पेशंटकडे परत येते. सूज उतरावी म्हणून मी त्याच दिवशी कॅपला भोक पाडून आत गेले. मागच्या कॅनलमधली गटापर्चा संत्र्याच्या सालीच्या तेलाच्या द्रावणाने मऊ होऊन सरळ निघाली, पू सुटला, गृहस्थांना बरं वाटलं. खरी अडचण दोन दिवसांनी, पुढच्या मुळात आली. तिथे काडीपुढे जे लागलं ते द्रावणाला दाद देईना. सीलरचं नाव माहीत असतं तर मी पहिल्या मिनिटाला ठरवलं असतं की द्रावणात वेळ घालवायचा नाही, अल्ट्रासोनिक यंत्राचं थरथरणारं टोक आणि सर्वांत बारीक फाइल, म्हणजे कॅनल घासायची सुईसारखी कानस, घेऊन, सूक्ष्मदर्शकाखालीच हे काम करायचं. सूक्ष्मदर्शक माझ्याकडे नाही. मी दर दहा मिनिटांनी द्रावण बदलत, 8 नंबरची फाइल हलक्या हाताने फिरवत दीड तास घालवला. जोर केला असता तर फाइल आत तुटली असती किंवा मुळाला बाजूने भोक पडलं असतं. शेवटी थांबले. औषध ठेवून दाढ बंद केली आणि कोल्हापूरच्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. गौरीजेवणाला घरी घावनं आणि घाटलं केलं होतं, गृहस्थ नुसतं घाटलं पिऊन उठले असं आईने मला मागाहून सांगितलं. सुट्टीतले दोन दिवस घाट चढण्या-उतरण्यात गेले, खर्च झाला तो वेगळाच. रजिस्टरमध्ये त्या वेळी एक शब्द लिहिला असता तर यातलं निम्मं वाचलं असतं.

मुंबईच्या त्या डॉक्टरांनी काम वाईट केलं असं मला म्हणायचं नाही. वाकड्या मुळात भरण आखूड राहतं, माझ्याही हातून राहिलं आहे. मला खुपतं ते न लिहिणं.

दुसरा प्रसंग याहून जास्त खुपणारा आहे. सात-आठ वर्षांपूर्वी 22 वर्षांची एक मुलगी आली. खालच्या दुसऱ्या उपदाढेचं रूट कॅनल दुसऱ्या गावात झालेलं, नऊ दिवस उलटलेले. खालचा ओठ उजवीकडून हनुवटीपर्यंत बधिर. भुलीचं इंजेक्शन उतरायला वेळ लागतोय असं तिला सांगण्यात आलं होतं. भूल नऊ दिवस राहत नाही. एक्स-रेत मुळाच्या टोकाबाहेर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका होता, नेमका ओठाची नस जिथून बाहेर पडते त्या जागी. सीलर जास्त दाबलं गेलं आणि बाहेर सांडलं. कुठलंही सीलर नसेवर दाबलं गेलं तर बधिरपणा येऊ शकतो, पण फॉर्मॅल्डिहाइड सोडणारी पेस्ट असेल तर ती नस जाळते. सार्जेंटी या स्विस डॉक्टरांच्या नावाने अशी पॅराफॉर्मॅल्डिहाइडची पेस्ट जगभर पसरली होती, कारण तिच्यामुळे एका बैठकीत काम उरकायचं आणि दुखणं लगेच थांबायचं. अमेरिकेतल्या एंडोडॉन्टिस्टांच्या, म्हणजे रूट कॅनलच्या तज्ज्ञांच्या, संघटनेने तिच्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतलेली आहे. अशा वेळी पहिल्या एक-दोन दिवसांत सर्जनने ती पेस्ट बाहेर काढली तर नस वाचण्याची आशा असते. काढायचं की वाट पाहायची, हे ठरवायला आत काय आहे ते कळावं लागतं. मी विचारलं, कळलं नाही. चिठ्ठी नव्हती, सांगणारं कुणी नव्हतं. ती मुलगी आता दोन मुलांची आई आहे. चहा ओठावरून ओघळला तर तिला अजूनही कळत नाही, म्हणून ती चारचौघांत चहा घेताना रुमाल हातात धरून बसते.

म्हणून मागणी एकच आहे, आणि ती माझ्या व्यवसायबंधूंकडे आहे. रूट कॅनल पूर्ण झालं की पेशंटच्या हातात एक चिठ्ठी द्या. कुठला दात, किती कॅनल्स सापडल्या, प्रत्येकीची लांबी किती, सीलर कुठल्या जातीचं आणि कुठल्या नावाचं, लॉट नंबर, मुदत, आणि भरण टोकापर्यंत पोचलं नसेल तर ते किती आखूड आहे. सीलरच्या खोक्यावर लॉट नंबर आणि मुदत छापलेली असते, 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांनी ती छापणं भाग आहे. ती खोक्यावरून चिठ्ठीवर उतरवायला अर्धा मिनिट लागतो. शेवटच्या एक्स-रेचा फोटो पेशंटच्या मोबाइलवर पाठवा.

हे मी सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडच्या डॉक्टरांना अधिक कळकळीने सांगते, कारण आपला पेशंट एका जागचा नसतो. नस काढली मे महिन्यात गावी, कॅनल भरली दसऱ्याला ठाण्यात, कॅप बसवली शिमग्याला पुन्हा गावी. अशी दाढ मी दर वर्षी पाहते. तीन दवाखाने, तीन हात, आणि मधे कुणाचा कुणाला निरोप नाही. पहिल्या डॉक्टरने युजेनॉलची तात्पुरती भर टाकलेली असते आणि दुसरा तिच्यावरच चिकटवणारं पांढरं सिमेंट भरतो. युजेनॉलचा अंश राहिला तर ते रेझिनचं सिमेंट नीट कडक होत नाही. वर्षभरात कडेने फट, फटीतून लाळ, लाळेतून जंतू. आतलं सीलर कितीही चांगलं असो, वरून पाणी झिरपत राहिलं तर ते किती दिवस थोपवणार?

चिठ्ठीला आक्षेप घेणारे मला भेटले आहेत. एक म्हणाले, पेशंटला त्यातलं काय कळतंय? पेशंटला कळायची गरज नाही, त्याच्या पुढच्या डॉक्टरला कळलं की झालं. रक्ताच्या रिपोर्टातलं तरी पेशंटला कुठे सगळं कळतं, पण तो फाइलला लावून ठेवतोच ना. दुसरे म्हणाले, आखूड राहिलेलं लिहून दिलं तर उद्या पेशंट भांडायला येईल. माझा अनुभव उलट आहे. ज्यांना मी त्याच दिवशी सांगितलं की या मुळात मी टोकापर्यंत पोचू शकले नाही, सहा महिन्यांनी एक्स-रे काढू, ते सहा महिन्यांनी आले. ज्यांना काही सांगितलं नव्हतं ते सुजल्यावरच आले, आणि भांडण झालं तर त्यांच्याशीच झालं.

आणि वाचकहो, तुम्हीही विचारा. कॅप सिरॅमिकची की झिर्कोनियाची, हे तुम्ही हक्काने विचारता, तसंच विचारा की मुळात काय भरणार आहात, ते कागदावर मिळेल का. इपॉक्सीची, लवंगेच्या तेलाची ॲलर्जी असेल तर आपण होऊन सांगा. रूट कॅनलनंतर दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर असेल तर घरी थांबू नका, त्याच दिवशी फोन करा. आणि तात्पुरती भर घेऊन सुट्टी संपली म्हणून परतू नका. ती काही आठवड्यांपुरतीच असते, पुढच्या गणपतीपर्यंत टिकत नाही.

माझ्या दवाखान्यात चार वर्षांपासून ही चिठ्ठी देते. सुरुवातीला साध्या कागदावर द्यायचे, पावसात शाई फुटायची. आता जाड कार्डावर छापून, पारदर्शक पिशवीत घालून देते. गेल्या आठवड्यात तारामुंबरीची एक आजी दुसऱ्याच दातासाठी आली होती. तिने कमरेची पिशवी सोडली, रेशनकार्डाच्या घडीतून ते कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाली, "ह्या तुमीच दिलेलास मां? तेव्हापासून हयच ठेवलंय." कार्डावरची प्रत्येक ओळ वाचता येत होती.

माझं नाव छापू नये ही विनंती. छापलं तर पत्राची जाहिरात होईल.

आपली,
एक दंतवैद्य
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग